नव्याचा वाटा

खालच्या खाचरांत कापणी सुरू झाली की वास आधी वर येतो, माणसांचे आवाज मागून. सकाळी स्वयंपाकघराचं मागचं दार उघडावं तर तो वास दारातच उभा असतो. कापलेल्या भाताचा, ओल्या पेंढ्याचा, दंवात भिजलेल्या मातीचा. उन्हं चढली की तो कोरडा होतो, गोडसर होतो, ताज्या लाह्यांसारखा. मलाही तो एके काळी आवडायचा. आता दिवाळीच्या पुढेमागे तो आला की मी दार लोटून घेते. मग चुलीचा धूर आत कोंडतो आणि काशीबाई ओरडते, "यमे, दार का लावतंस गो? भाताबरोबर आमाला पन शिजवतंस काय?"

काशीबाई आणि मी, आम्ही दोघी इथे स्वयंपाक करतो. उंबरमाळीहून पायवाटेने दीड तास चढून, नाहीतर गाडीने लांबचा वळसा घालून आलं की डोंगराच्या कुशीत एक सपाटी लागते. तिथे कौलांच्या चार खोल्या, एक शाळा, एक विहीर आणि साठ मुलं. खालची माणसं याला वरची शाळा म्हणतात. मुलांचं ते घरही आहे, कारण दुसरं घर त्यांना नाही. कोणी कसाऱ्याच्या स्टेशनात सापडलेलं, कोणी दवाखान्यात ठेवून दिलेलं, कोणी आमच्याच फाटकाशी. ज्यांना आईबाप आठवतात ती मुलं पहिल्या वर्षी फाटकाकडे तोंड करून जेवतात. मग हळूहळू पाठ करून जेवायला लागतात. ताटं मी वाढते, म्हणून मला ते दिसतं.

माझं माहेर मुरबाडकडचं. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा इथे आले. मी फारशी बोलत नाही. चार माणसांत माझ्या तोंडाला कोरड पडते, आणि कोणी खुर्चीवर बसून काही विचारलं की मला माझं नावही नीट सांगता येत नाही. काशीबाई म्हणते, "यमीच्या तोंडाला कुलूप, नि चावी पडली विहिरीत." मुलं हसतात. मीही हसते. पण या दिवसांत हसताना आत काहीतरी टोचतं. अंगावर भाताचं कुसळ राहून गेलं की ते दिसत नाही, झटकून जात नाही, आणि हात हलवला की तेवढ्यापुरतं टोचतं, तसं.

शाळेच्या मागे आमची दोन खाचरं आहेत. त्यांत झिनी भात लावतो. कापणीला मोठी मुलं विळे घेऊन उतरतात, लहान मुलं मागून पडलेल्या लोंब्या वेचतात. दुपारपर्यंत सगळ्यांचे हातपाय खाजून लाल. खळं शेणाने सारवलेलं असतं, त्यावर भारे आपटले की दाणे पावसासारखे वाजतात आणि पोरं त्यात उड्या मारतात. मी त्यांना ओरडत नाही. धान्याला पाय लागला तर हात जोडायचा, एवढंच शिकवलं आहे. ती उड्या मारतात आणि प्रत्येक उडीनंतर हात जोडतात.

आमच्या भागात नवं केल्याशिवाय नवा तांदूळ कोणी तोंडात घालत नाही. पहिला तांदूळ उखळात कांडायचा, शिजवायचा, कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, दाखवायचा, मग घरच्यांनी जेवायचं. त्या दिवशी घरातलं कोणी बाहेरगावी असेल तर त्याचा वाटा काढून ठेवतात. लांब असेल तर मूठभर तांदूळ सागाच्या पानात बांधून पाठवतात. मेलेल्याचा वाटा कोणी बांधत नाही, आणि ज्याच्याशी नातं तोडलं त्याचाही नाही. म्हणून वाटा आला की समजायचं, त्या घरात आपण अजून धरलेले आहोत. हे इथल्या बाईला सांगावं लागत नाही. मला तर कोणीच सांगायला नको होतं.

बुधी आमच्याकडे आली ती श्रावणात. फाटकाशी बसलेली सापडली. चारेक वर्षांची असेल. नाव विचारलं तर "बुधी" म्हणाली, गाव विचारलं तर परत "बुधी" म्हणाली. ऑफिसात तेवढंच लिहिलं. भात पुढे ठेवला की आधी ती त्याचा वास घ्यायची, वासरासारखं नाक खाली नेऊन, मग खायची. इतर मुलं चिडवायची, पण ती सवय गेली नाही. शाळेच्या वेळेत ती वर्गातून उठून यायची आणि स्वयंपाकघरात जात्यावर बसून राहायची. मी भाकऱ्या थापायचे, ती बघायची. ती बोलत नव्हती, मीही बोलत नव्हते. दोघींचं बरं जमायचं. मला कोणी यमुमावशी म्हणतं, कोणी यमुबाई. ती मला नुसतं "यमी" म्हणायची आणि मी तिला तसं म्हणू द्यायचे.

त्याच वर्षी, कापणी संपता संपता, एका दुपारी मागच्या दाराशी एक बाई आली. डोक्यावर पदर, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने पांढरे. काशीबाई विहिरीवर गेली होती. मुलं वर्गात पाढे म्हणत होती.

"तू रांधतंस ना हितं?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

"मी बुधीची आय."

ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. कंबरेच्या ओटीतून सागाच्या पानाची पुडी काढली, वाखाच्या दोरीने घट्ट बांधलेली. "काल नवं केलं. हा तिचा वाटा. तिला खायला घाल." मग इकडेतिकडे बघून ती घाईघाईने बोलली, "आनं मोठ्या बायला सांग, हिला कोनाला देऊ नको. दोन वर्सं ठेव. नवा नवरा केलाय, त्याला पोर चालत नाय. मी काय तरी करीन. येऊन नेईन."

"तुमीच सांगा ना हापिसात," मी म्हटलं.

"मी नाय जायाची. पोर टाकली म्हनून पोलीस बोलावतील. तू सांग. सांगशील ना?"

"सांगीन," मी म्हटलं.

वर्गातून पाढ्यांचा आवाज येत होता. तिने मान तिकडे वळवली, बराच वेळ ऐकत राहिली. मग विचारलं, "त्यातला तिचा कोनता?"

साठ मुलांच्या आवाजात मला कुठून कळणार? तरी मी म्हटलं, "तो बारीक." तिने मान डोलावली आणि गेली. खरं तर बुधी त्या वेळी पाढे म्हणतच नसेल. ती कधी म्हणायची नाही. बोलायला लागल्यापासून पाच मिनिटांत मी त्या आईला पहिलं खोटं सांगितलं होतं, आणि ते सांगताना मला लाज वाटली नव्हती.

ऑफिस अंगणाच्या पलीकडे आहे. मी पुडी पदरात घेऊन निघाले. पायरीपर्यंत गेले. आत मोठ्या ताई, म्हणजे आमच्या शाळेच्या प्रमुख, कोणाशी तरी फोनवर बोलत होत्या. मी उभी राहिले, मग परत आले. दुसऱ्या दिवशी गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी ठरवलं, उद्या.

बरीच वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की मला बोलता येत नाही, म्हणून राहून गेलं. लाजरी बाई, ती काय करणार. पण ते खरं नव्हतं. डाळ संपली, तेल संपलं, मुलाला ताप आला, हे सगळं त्याच ऑफिसात जाऊन मी सांगत होते. अडखळत सांगत होते, पण सांगत होते. हे मात्र नाही सांगितलं. कारण त्या बाईचा मला राग आला होता. नवा नवरा करते आणि पोर टाकते. माझ्या ओटीत काही पडलं नाही, आणि हिच्या ओटीत पडलं ते हिने फाटकाशी ठेवलं. आता दोन वर्षांनी येणार आणि उचलून नेणार. मग जात्यावर कोण बसणार? मी काहीच बोलले नाही तर बुधी इथेच राहील, असं मला वाटलं. जे आहे ते हलवलं नाही की ते तसंच राहतं, अशी माझी समजूत. भांड्यांच्या फळीपलीकडे मी जग फारसं बघितलेलं नाही.

आणि ती पुडी. ती बाई आली त्याच संध्याकाळी तांदूळ धुताना मी वाख सोडला आणि ते मूठभर दाणे सगळ्यांच्या टोपात ओतले. लालसर, कांडलेले, नव्या भाताचा वास असलेले. सगळ्या तांदळात ते क्षणभर वेगळे दिसले, मग पाण्यात हात फिरवला आणि मिसळून गेले. एका पोरीचा घास साठ ताटांत गेला. बुधीने जेवताना नेहमीसारखा वास घेतला आणि थांबली. परत घेतला. मी तिच्याकडे पाठ केली.

नंतर तिला चुलीजवळ ते पान सापडलं. "यमी, ह्याच्यात काय होतं?"

"तांदूळ."

"कुनाचे?"

"सगळ्यांचे," मी म्हटलं आणि पान चुलीत टाकलं.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस ताई स्वयंपाकघरात आल्या. हातात फाइल होती. म्हणाल्या, "बुधीची चौकशी पूर्ण होत आली. पोलिसांनी शोधलं, पेपरात दिलं, कोणी पुढे आलं नाही. आता तिला एखादं घर मिळू शकतं. शेवटचं विचारते, तिच्यासाठी इथे कधी कोणी आलं होतं का? नीट आठवून सांगा."

काशीबाई म्हणाली, "हितं कोन येतंय बाय? माकडं येतात, ती पन भाकरी बघून."

ताई हसल्या. मग माझ्याकडे वळल्या. "यमुना, तू? मागच्या दाराशी तूच असतेस."

माझ्या हातात पळी होती. आमटीला उकळी आली होती. मी नाही अशी मान हलवली. मान हलवायला तोंड लागत नाही. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, बस्स. ताईंनी फाइलीत काहीतरी लिहिलं.

मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर आधी का नाही सांगितलं हे विचारलं गेलं असतं. मला त्याची भीती वाटली. एका प्रश्नाच्या भीतीपायी मी एका मुलीची आई पुसून टाकली. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. आधी मी वेगळं लिहिलं होतं, ते खोडलं.

कापणीच्या दिवसांतच तिला न्यायला आले. लांबच्या शहरातलं जोडपं होतं. माणसं चांगली होती, हे मला सांगितलं पाहिजे. त्या बाईने बुधीसमोर मातीत बसकण मारली, साडीची फिकीर केली नाही. त्यांनी तिला बूट आणले होते. बुधीने आयुष्यात पहिल्यांदा बूट घातले आणि चिखलातून चालावं तशी पाय उंच उंच उचलून चालायला लागली. सगळी मुलं हसली. मला जवळ बोलावून तिने विचारलं, "यमी, तू पन येतंस?" मी म्हटलं, "तू हो पुढं." खालच्या वळणावर गाडी गेली तेव्हा खळ्यावर झोडणी चालू होती, त्या आवाजात गाडीचा आवाज ऐकूच आला नाही.

म्हणजे मी तिला ठेवण्यासाठी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्यानेच ती गेली. याचा दोष कोणाला देऊ?

पंधरा दिवसांनी मागच्या दाराशी तीच बाई. हातात तशीच पुडी.

"बुधी कशी हाय?"

"बरी हाय."

"कुठं हाय? दिसली नाय."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "खाली मोठ्या शाळेत पाठवलीय. तिकडंच ऱ्हाते. सुट्टीला येते." आणि हात पुढे करून वाटा घेतला.

मग दर वर्षी तसंच झालं. कापणी उरकली की ती यायची, काशीबाई विहिरीवर गेलेली बघून. अजून जमत नाय, पुढच्या वर्सी नेईन, म्हणायची. आत कधी आली नाही, पाणीही प्यायली नाही. उंबऱ्याबाहेर बसून विचारायची. दात पडले का? पडले. केस वाढले? हो, आता दोन वेण्या घालते. वाचता येतं? फडाफडा. आजारी पडली का? नाही, एकदा फक्त खोकला. मी सांगायचे, आणि सांगता सांगता मलाच ती दिसायची, वेण्या घातलेली, खोकणारी. सहा वर्षं अशी गेली. वर्षातून एकदा, त्या मागच्या दारात, आम्ही दोघी मिळून एक मुलगी वाढवत होतो. तिच्याजवळ बोलताना माझी जीभ कधी अडखळली नाही. हे मला नंतर ध्यानात आलं आणि स्वतःची किळस आली.

ती गेली की मी वाटा टोपात ओतायचे. फेकवत नव्हता, आणि एकटीने खायची हिंमत नव्हती.

यंदा कापणी लांबली. दसऱ्यानंतरही सरी येत राहिल्या, उभं भात आडवं झालं, लोंब्यांना मोड यायची वेळ आली. खालच्या बायका चिखलात बसून कापत होत्या. मला वाटलं, यंदा ती येणार नाही. वाटलं, आणि बरं वाटलं, तेही लिहिते.

पण गेल्या आठवड्यात ती आली. दुपारच्याच वेळी. या वेळी पायात चप्पल होती, डोक्याचे केस पुढून पांढरे झालेले. पहिल्यांदाच ती हसत होती.

"ह्या वर्सी वाटा नाय आनला," ती बोलली. "पोरीलाच न्यायला आली. त्याला सोडला मी. वाशिंदला कंपनीत झाडूपोछाचं काम लागलंय, खोली घेतली. नळ हाय आत." मग हात छातीशी धरून उंची दाखवली. "येवढी झाली असंल ना गो? तिला सांग, घरी जाऊन नवं करू."

काशीबाई भाजी चिरत होती, तिचा हात थांबला. माझ्याकडे बघत म्हणाली, "यमे, कोनाची गोष्ट करते ही?"

मी उंबऱ्यावर बसले. मग मी सगळं सांगितलं, खाली बघून. मान हलवली तेही. गाडी गेली तेही. सांगायला फार वेळ लागला नाही.

ती ओरडेल असं वाटलं होतं. मारेल असंही वाटलं होतं. ती तशीच उभी राहिली. हात अजून छातीशी होता, उंची दाखवणारा, तो तिने सावकाश खाली घेतला.

"पन तू तांदूळ घेत होतीस," ती बोलली.

तिने माझ्या हातांकडे बघितलं.

"दर वर्सी हातात घेत होतीस. मी मनात बोलायची, घेते म्हंजे हाय पोर. नसती तर घेतला असता काय? नसलेल्या मानसाचा वाटा कोन घेतं गो?"

कागदावर झालं ते ताईंना माहीत होतं, पोलिसांना माहीत होतं. पण मी तिच्याशी जे केलं ते फक्त आम्हा दोघींनाच कळत होतं. काशीबाईलाही कळलं असावं, कारण ती नेहमी बोलणारी बाई, तिने विळी उचलली आणि आत निघून गेली.

मी त्या बाईचा हात धरला आणि अंगण ओलांडून ऑफिसात नेलं. ताईंनी ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "यमुना, मी तुला विचारलं होतं," एवढंच म्हणाल्या. त्या कधी रागावत नाहीत, त्या दिवशीही आवाज चढला नाही, पण त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

त्या बाईला मात्र खुर्ची दिली. ती जमिनीवरच बसली. ताईंनी तिला समजेल असं सांगितलं. मुलगी ज्या जोडप्याने नेली, आता कायद्याने त्यांचीच झाली आहे. ती कुठे आहे, हे सांगता येत नाही. परत आणता येत नाही. "मी वरच्या लोकांना कळवीन, माझीही चूक आहे, मीही आणखी शोधायला हवं होतं," त्या म्हणाल्या. पण मुलगी मोठी झाली आणि स्वतः विचारत आली, तर तिला तिची फाइल दाखवता येते. "त्या फाइलीत आज लिहिलंय, कोणीही आलं नाही. तेवढं आपण बदलू शकतो."

"मंग बदला," ती बोलली.

ताईंनी कोरा कागद घेतला. ती म्हणाली, "तुमी नको, बाय. हिला लिवू दे. मान हिनं हलवली."

माझी चौथी झाली आहे. अक्षर मोठं येतं, ओळी खाली उतरतात. मी उभ्यानेच टेबलावर वाकून लिहायला लागले. बुधी, तुझी आई दर वर्षी कापणी झाली की यायची. तुझा नव्याचा वाटा आणायची. तुला कोणाला देऊ नका, मी येऊन नेईन, असं तिने मला सांगितलं होतं. मी ते कोणालाच सांगितलं नाही. ताईंनी विचारलं तेव्हा खोटं सांगितलं. तुझ्या आईचं नाव.

इथे पेन थांबलं. इतकी वर्षं ती दारात येत होती. तिच्या मुलीचे नसलेले दात मी पाडले होते, नसलेल्या वेण्या घातल्या होत्या.

"नाव काय तुमचं?" मी विचारलं.

"सोमी."

"पुढं कोणाचं लावू?"

"कोनाचं नको. सोमी लिव."

मी लिहिलं. ती म्हणाली, वाच. मी वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "आनं मी टाकली ते?"

"ते नाही लिहिलं."

"का नाय?"

मला वाटलं होतं, तेवढं तरी झाकावं. तिच्यासाठी काहीतरी करावं. तिने मान हलवली. "लिव. नायतर पोरीला वाटंल, समदं तूच केलंस. श्रावनात मी तिला फाटकाशी बसवली. पाऊस होता. डोक्यावर माझं इरलं ठेवलं. ते लिव."

ताईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तिने घेतला नाही. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. इरल्यापर्यंत आलं आणि ती थांबली.

"ती उठाया लागली," सोमी बोलली. "मंग मी तिला बोलली, हितंच बस, आलीच मी."

मी लिहिलं, मी आत्ता येते असं सांगून गेली.

"तसं नको," ती बोलली. "मी बोलली तसंच लिव."

मी ते खोडलं आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, हितंच बस, आलीच मी.